हेडलाइट का गेली? एका बिघाडाचा इतिहास आणि कारण शोधण्याची शिस्त

संशोधन प्रस्तावात 'कारणमीमांसा' हा शब्द आपण सगळेच लिहितो. तोंडी परीक्षेत कोणी विचारलं, "कारण शोधायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" की मात्र गडबड होते. मला हे पुस्तकांपेक्षा मोटरसायकलच्या बंद पडलेल्या हेडलाइटने जास्त नीट शिकवलं.

हेडलाइट लागत नसेल तर आजचा मेकॅनिक क्रमाने बघतो: बल्ब, फ्यूज, होल्डर, स्विच, वायर, अर्थिंग, आणि मग बॅटरी-चार्जिंग. यादी पक्की वाटते. पण 1910 च्या चालकाला तिचा काहीही उपयोग झाला नसता.

कार्बाइडचा काळ

त्या काळी बऱ्याच मोटरसायकलींवर ॲसिटिलीनचा दिवा असायचा. खालच्या डब्यात कॅल्शियम कार्बाइड आणि वरच्या टाकीतून त्यावर थेंबथेंब पाणी. त्यातून वायू तयार व्हायचा आणि तो बर्नरशी जळायचा. आंबे पिकवण्याच्या बातम्यांमुळे आपल्याला माहीत झालेलं कार्बाइड ते हेच. दिवा विझला की प्रश्न वेगळे असायचे. पाणी ठिबकतंय का? बर्नरचं भोक काजळीने बुजलंय का? रबरी नळी चिरलीय का? डब्यात कार्बाइड संपून नुसता चुना उरलाय का? दुरुस्तीचं हत्यार म्हणजे भोक साफ करायला एक बारीक तार!

डायनामो आणि काटा

पुढे डायनामो आणि सहा व्होल्टची बॅटरी आली. आपल्याकडे ओळखीचं उदाहरण म्हणजे बुलेट. 1955 पासून ती मद्रासला तयार होऊ लागली. तिच्या हेडलाइटच्या वरच्या भागात अँपिअर मीटर असायचा. इंजिन बंद ठेवून लाइट लावली की काटा उणेकडे जायला हवा. जागचा हलला नाही, तर दिव्याकडे वीज जातच नाही, म्हणजे बल्ब, स्विच, वायर तपासा. काटा उणेकडे गेला पण गाडी पळवतानाही तिथेच राहिला, तर बॅटरी नुसती रिकामी होतेय. मग डायनामोचे ब्रश किंवा रेग्युलेटर बघा. एका निरीक्षणाने अर्ध्या शक्यता बाद!

इथे माझी एक फजिती सांगतो. पहिल्या वर्षी जुनी दुरुस्ती-पुस्तकं वाचताना एका ब्रिटिश गाडीच्या वायरिंगच्या आकृतीत बॅटरीचं अधिक टोक चासीला जोडलेलं दिसलं. आज उणे टोक जोडतात, म्हणून मी टिपणात लिहून टाकलं, 'छपाईची चूक'. पुढच्या दोन पुस्तकांतही तेच निघालं तेव्हा डोळे उघडले. विसाव्या शतकाच्या मध्याला अनेक ब्रिटिश गाड्यांत अधिक टोकच अर्थ केलेलं असायचं. आकृती बरोबर होती. तिला दुरुस्त करायला निघालेला मी चुकीचा होतो.

दोन दिवे एकदम गेले तर?

आपल्याकडच्या कितीतरी जुन्या, छोट्या टू-स्ट्रोक गाड्यांत दिव्यांना बॅटरी नसायचीच. चाकासारख्या फिरणाऱ्या मॅग्नेटोतून वीज थेट दिव्यांना जायची. म्हणून अंधाऱ्या वळणावर खालचा गिअर टाकून रेस वाढवली की रस्ता जरा दिसायचा. घरातल्या मोठ्यांना विचारा, आठवत असेल.

अशा गाडीची हेडलाइट आणि मागचा दिवा एकाच वेळी गेले, तर आपण काय म्हणू? सामाईक वायर तुटली किंवा स्विच गेला. तर्क चांगला आहे, पण अनेकदा चुकीचा ठरायचा. रेग्युलेटर नसलेल्या मांडणीत दोन्ही बल्ब मिळून विजेचा भार वाटून घ्यायचे. धक्क्याने हेडलाइटची तार तुटली की सगळा दाब मागच्या छोट्या बल्बवर यायचा आणि तोही काही क्षणांत उडायचा. म्हणजे दोन घटनांना एक कारण नव्हतं, पहिली घटनाच दुसरीचं कारण होती.

हे ओळखायचं कसं? दोन्ही बल्ब काढून बघायचे. दाब वाढून उडालेल्या बल्बची काच सहसा आतून काळवंडते. नुसती तार तुटलेली असेल तर काच स्वच्छ राहते. पुढची काच स्वच्छ आणि मागची काळी असेल तर क्रम कळतो. नुसता मागचा बल्ब बदलून निघालात, तर तोही उडणार!

मग संशोधनात काय करायचं?

माझ्यापुरते तीन नियम मी ठरवलेत. एक, कारण शोधण्याआधी त्या काळची मांडणी समजून घ्यायची. त्याशिवाय शक्यतांची यादीच चुकते. दुसरा, साधन विचित्र वाटलं तर आधी स्वतःवर शंका घ्यायची. तिसरा, दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून सामाईक कारण गृहीत धरायचं नाही. क्रम सांगणारा पुरावा शोधायचा.

हे फक्त जुन्या काळालाच लागू आहे असं समजू नका. 1 एप्रिल 2017 पासून आपल्याकडे नव्या दुचाकींची हेडलाइट इंजिनबरोबर आपोआप लागते, बंद करायचा स्विचच नाही. सुरुवातीला समोरून येणारे लोक हाताची बोटं उघडझाप करून 'लाइट चालू आहे' असं खुणावायचे. त्यांच्या डोक्यात जुनी मांडणी होती: दिवसा दिवा म्हणजे चालक विसराळू. उद्या कोणी 2018 चं रस्त्यावरचं चित्रण बघून असाच निष्कर्ष काढला, तर तो माझ्या 'छपाईच्या चुकी'चाच भाऊ ठरेल.

आता तुमच्या प्रस्तावातलं एक 'कारण' घ्या आणि हे तीन नियम लावून बघा. ते टिकलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका. प्रस्तावात सापडलेली चूक प्रबंधात सापडण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.