पावती मागायची राहून गेली

परवा नातवाच्या नव्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी दोन महिन्यांत बसली. दुकानदार दाद देईना. हा पठ्ठ्या शांतपणे म्हणाला, "आबा, पावती आहे, वॉरंटी आहे. ग्राहक आयोगात जाऊ." मला एकदम १९८१ साल आठवलं.

त्या काळी स्कूटरला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. उत्पादन परवान्यात अडकलेलं, मागणी अफाट, म्हणून 'ऑन' देऊन गाड्या विकल्या जात. माझा नंबर सहा वर्षांनी लागला. हिने भिशीतून जमवलेले पैसे घेऊन मी गेलो. दुकानदार म्हणाला, "सीट कव्हर, गार्ड सगळं आमच्याकडूनच घ्यायचं. नको असेल तर पुढच्या नंबरला देतो." चारशे रुपये जास्तीचे दिले. पावती मागायचं धाडस झालं नाही. वर्गात मुलांना नागरिकशास्त्रातले हक्क शिकवणारा मी, तिथे मान खाली घालून उभा होतो. घरी हिला खरी रक्कमही सांगितली नाही.

कायदा नव्हता असं नाही. १९३० चा मालविक्री कायदा होता, पण त्याचं मूळ सूत्र असं की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावं. दाद मागायची तर दिवाणी कोर्टाची पायरी चढा! १९६९ चा मक्तेदारीविरोधी कायदाही होता, पण अनुचित व्यापारी प्रथा त्यात आल्या त्या १९८४ च्या दुरुस्तीने.

गंमत म्हणजे वाट दाखवणारी माणसं जवळच होती. गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेल्या बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या कुटुंबांनी गट करायचे, महिन्याचा माल एकत्र घ्यायचा आणि वाटून घ्यायचा. एकट्या गिऱ्हाइकाला कोणी विचारत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. मी मात्र "आपल्याला काय करायचंय" म्हणून लांब राहिलो.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशी तीन पातळ्यांवर दाद मागायची सोय झाली, आणि वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येऊ लागली. तो दिवस आपण राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळतो. २०१९ चा नवा कायदा जुलै २०२० पासून लागू झाला. आता आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही.

असो. नातवाने तक्रार स्वतः लिहिली. मी फक्त शुद्धलेखन तपासलं, आणि रात्री हिला त्या चारशे रुपयांचं सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं."