डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावरील वादळें व त्यांच्या मार्गाचा निर्णय

उत्तर कोंकणच्या अगदीं टोंकास डहाणू व तलासरी हे दोन तालुके आहेत. पूर्वीं ते ठाणें जिल्ह्यांत मोडत, ता. १ ऑगस्ट २०१४ रोजीं पालघर जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून त्यांचा समावेश त्यांत होतो. डहाणू तालुक्यांत चिंचणी, नरपड, बोर्डी अशीं समुद्रकांठचीं गांवें बरींच आहेत. तलासरी तालुका बहुतेक डोंगराळ व वारली वस्तीचा. त्यास समुद्र भेटतो तो झाई गांवापाशीं. या किनाऱ्यावर वादळ येण्याचा संभव आहे असें जाहीर व्हावें, लोकांनीं घरें सोडावीं, आणि वादळ दुसरीकडे जावें, असा प्रसंग इ. स. २०२० मध्यें घडला. अशा न आलेल्या वादळाची नोंद इतिहासांत करावी कीं नाहीं, व करणें तर कोणत्या रीतीनें, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

जुन्या वादळांचे जे वृत्तांत आपणांस उपलब्ध आहेत ते बहुधा शहरांचे व ठाण्यांचे आहेत. इ. स. १६१८ च्या मे महिन्यांत मुंबई-वसईच्या बाजूस झालेल्या भयंकर वादळाची हकीकत पोर्तुगीज लेखकांमुळें शिल्लक राहिली. इ. स. १८५४ व १९४८ या दोन्ही सालच्या नोव्हेंबरांतील वादळें मुंबईवर आलीं म्हणून लक्षांत राहिलीं. डहाणूचें ठाणें पोर्तुगीजांकडे होतें, इ. स. १७३९ त मराठ्यांकडे आलें व पुढें इंग्रजांकडे गेलें. राज्यें बदललीं तरी लिहिणाऱ्यांची दृष्टि किल्ला व बंदर यांपलीकडे क्वचितच गेली. वादळ कोठें आदळलें एवढेंच या वृत्तांतांवरून कळतें. तें कोणत्या वाटेनें आलें हें कळत नाहीं.

वाट ठाऊक नसली म्हणजे दोन प्रकारचे अनर्थ होतात. पहिला अनर्थ जीविताचा. इ. स. १८८८ च्या नोव्हेंबरांत कच्छ-मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्यापाशीं वादळांत सांपडून सातशेंहून अधिक माणसांसह नाहींशी झाली. विजेच्या दिव्यांमुळें लोक तिला ‘वीजळी’ म्हणत, आणि तिचें मूळ नांव आपल्याच भागांतील नदीचें होतें. भर समुद्रांत असलेल्या आगबोटीस पुढें वादळ आहे हें बिनतारी कळविण्याचें साधन त्या काळीं नव्हतें. दुसरा अनर्थ इतिहासाचा. इ. स. १८८२ च्या जूनमध्यें मुंबईत वादळानें एक लक्ष माणसें मेलीं, असें विधान अनेक याद्यांत एकावरून दुसरीनें उतरून घेतलेलें आढळतें. इ. स. १८८१ च्या शिरगणतींत मुंबईची वस्ती पावणेआठ लक्षांच्या आसपास होती. आठांतील एक माणूस एका रात्रींत नाहींसा झाला असता तर समकालीन वृत्तपत्रें व सरकारी दप्तरें त्याविषयीं गप्प राहतीं ना. तीं गप्प आहेत. सबब ही गोष्ट निराधार समजली पाहिजे.

मार्ग ठरविण्याचें शास्त्र याच देशांत वाढलें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. कलकत्त्याच्या हेन्री पिडिंग्टननें निरनिराळ्या जहाजांच्या रोजनिशा जमवून, कोणत्या घटकेस कोठें कोणता वारा होता हें नकाशावर मांडलें व त्यावरून वादळाचा मध्य शोधून काढला. इ. स. १८४८ च्या आपल्या ग्रंथांत त्यानें सापाच्या वेटोळ्यावरून ‘सायक्लोन’ हा शब्द योजिला. विखुरलेल्या साक्षी गोळा करून, त्या ताडून पाहून एक रेघ निश्चित करणें, ही रीत इतिहाससंशोधकाच्या रीतीहून भिन्न नाहीं. पुढें इ. स. १८६४ त कलकत्त्यावर वादळ येऊन मोठा संहार झाला, आणि इ. स. १८७५ त हिंदुस्थानचें हवामान खातें स्थापन झालें.

बाइस बॅलट या डच शास्त्रज्ञानें इ. स. १८५७ त मांडलेला नियम असा कीं, उत्तर गोलार्धांत वाऱ्याकडे पाठ करून उभें राहिलें असतां कमी दाबाची जागा डाव्या हातास असते. हा नियम झाईच्या किनाऱ्यास लावून पाहूं. वारा पूर्वेचा असेल तर वादळ दक्षिणेस आहे. तोच वारा आग्नेयेकडून दक्षिणेकडे वळत गेला तर वादळ समुद्रांतूनच उत्तरेस चाललें आहे. उलट तो ईशान्येकडून उत्तरेकडे वळला तर वादळ आपल्या दक्षिणेस जमिनीवर चढून पूर्वेकडे गेलें. अर्थात् त्या दिवशींच्या वाऱ्याची नोंद कोणीं केली असेल तर ती वादळाच्या मार्गाची साक्ष होते.

आतां इ. स. २०२० चें प्रकरण पाहूं. ता. १ जून रोजीं अरबी समुद्रांत कमी दाबाचें क्षेत्र तीव्र झालें, ता. २ रोजीं त्याचें वादळ होऊन त्यास ‘निसर्ग’ हें बांगला देशानें सुचविलेलें नांव मिळालें. हरिहरेश्वर व दमण यांच्या दरम्यान तें किनारा ओलांडील असा हवामान खात्याचा प्रथमचा अंदाज होता. डहाणू व तलासरी यांचा सारा किनारा या टप्प्यांत येत होता. पालघर जिल्ह्यांतील किनाऱ्यावरचीं हजारों माणसें हलविण्यांत आलीं, तींही साथीच्या रोगामुळें एकत्र जमण्याचीच धास्ती असतां. नंतर अंदाज अलिबागच्या जवळ आला, आणि ता. ३ रोजीं दुपारीं वादळ श्रीवर्धनच्या जवळ जमिनीवर चढलें. रायगडांत घरें व सुपारीच्या बागा उद्ध्वस्त झाल्या. तेथून सुमारें २१५ किलोमीटर उत्तरेस असलेलें डहाणू वांचलें.

यावरून अंदाज खोटा ठरला असें म्हणतां येईल काय? श्रीवर्धन हरिहरेश्वराच्या अगदीं शेजारीं आहे. म्हणजे वादळ सांगितलेल्या टप्प्याच्या दक्षिण टोंकास उतरलें, बाहेर नव्हे. टप्पा एवढा लांब कां होता, याचें कारण किनाऱ्याच्या ठेवणींत आहे. कोंकणचा किनारा जवळजवळ दक्षिणोत्तर आहे आणि वादळ पुष्कळदां उत्तरेकडे चालत येऊन मग ईशान्येकडे वळतें. मार्गाची रेघ किनाऱ्याशीं ३० अंशांचा कोन करीत असेल तर मार्ग बाजूस ५० किलोमीटर सरकल्यानें उतरण्याची जागा १०० किलोमीटर सरकते. वळण थोडें आधीं घेतलें तर श्रीवर्धन, थोडें मागाहून घेतलें तर डहाणू, आणि घेतलेंच नाहीं तर सौराष्ट्र. पुढच्याच वर्षीं हा शेवटचा प्रकार दिसला. ‘तौक्ते’ वादळ मुंबईच्या पश्चिमेनें समुद्रांतून उत्तरेस गेलें व ता. १७ मे २०२१ रोजीं रात्रीं दीव-उन्याच्या बाजूस आदळलें. तें पालघरच्या किनाऱ्यावर आलें नाहीं, तरी तेथील घरांचें व बागांचें नुकसान झालेंच, आणि मुंबईबाहेरच्या समुद्रांत ‘पी-३०५’ हा तराफा बुडून सत्तरांहून अधिक माणसें गेलीं.

तेव्हां या किनाऱ्याच्या इतिहासांत दोन रेघा निरनिराळ्या ठेवल्या पाहिजेत : एक अपेक्षित मार्गाची, दुसरी घडलेल्या मार्गाची. केवळ दुसरी ठेवली तर डहाणूच्या पानावर इ. स. २०२० सालीं कांहीं घडलेंच नाहीं असें होईल, आणि हजारों लोकांचें घर सोडून जाणें निष्कारण ठरेल. मच्छीमार वस्तींत एकदां असा ग्रह दृढ झाला कीं पुढील सूचनेस कोणी उठावयाचें नाहीं. केवळ पहिली ठेवली तर इ. स. १८८२ सारखी दंतकथा जन्मास येईल. गांवोगांवच्या दप्तरांतून सूचना केव्हां आली, माणसें कोठें नेलीं, वारा कोणत्या दिशेनें वळला व भरती कोणत्या वेळीं होती, एवढ्या चार गोष्टी तारीखवार उतरून ठेवल्या तरी पुढील संशोधकाचें काम होईल. पिडिंग्टनला जहाजांच्या रोजनिशा मिळाल्या. डहाणू-तलासरीच्या किनाऱ्याच्या रोजनिशा अद्याप लिहावयाच्या आहेत.