ध्रुवाकडची खुशाली



आपल्या बीड जिल्ह्यातून माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात, तेव्हा मागे राहिलेल्या म्हातारीचे डोळे वाटेकडे लागलेले असतात. परगावच्या माणसाच्या खुशालीचे मोल अंबाजोगाईकरांना आम्ही सांगावयास नको. त्याच खुशालीची कथा अंटार्क्टिकाच्या बर्फावर घडली आहे.

१९१२ च्या मार्चअखेर कॅप्टन स्कॉट आणि त्याचे दोन सोबती तेथे तंबूत मेले. जगाला ती वार्ता कळली १९१३ च्या फेब्रुवारीत! त्याच महिन्यात मॉसनच्या तळावर, वाऱ्याने पाडलेला खांब पुन्हा उभारून, मॅक्वेरी बेटामार्गे बिनतारी संदेश जाऊ-येऊ लागले.

१९३४ साली अमेरिकन नौदल अधिकारी बर्ड हवामानाच्या नोंदी घेण्यासाठी मुख्य तळापासून सुमारे २०० किलोमीटरवर एकटा राहिला. विषारी धुराने तो खंगला. पण आपल्यापायी कोणी हिवाळ्याच्या अंधारात जीव धोक्यात घालू नये, म्हणून त्याने दुखणे लपविले. सोबत्यांनी त्याच्या अडखळत्या संदेशांवरून काय ते ओळखले. ऑगस्टमध्ये तिघे जण ट्रॅक्टरने पोहोचले; बर्ड वाचला. यंत्राने ठोके पोहोचविले, दुखणे ओळखले ते माणसाच्या कानाने.

भारताची पहिली मोहीम गोव्याहून निघून ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे उतरली. १९८४ साली 'दक्षिण गंगोत्री' तळावर आपले टपाल कार्यालय उघडले. पुढे तो तळ बर्फात गाडला गेला. १९८९ साली 'मैत्री' व २०१२ साली 'भारती' हे तळ उभे राहिले. 'भारती'वर ५ एप्रिल २०२४ रोजी टपाल कार्यालय उघडले, त्याचा पिन एमएच-१७१८. म्हणजे ते बर्फातले टपाल आपल्या महाराष्ट्र परिमंडळाचेच!

आता उपग्रहामार्गे तळावरून तत्काळ बोलता येते. तरी दूर डोंगरात तंबू ठोकणाऱ्या तुकडीची अडचण सरलेली नाही. सूर्यावरची वादळे ध्रुवाजवळ रेडिओ मुका करतात. विषुववृत्तावरचे उपग्रह तिकडून क्षितिजाला टेकलेले असतात, मध्ये डोंगर आला की संपर्क तुटतो.

तेथे शास्त्रज्ञांसोबत स्वयंपाकी आणि यंत्रकामगारही हिवाळा काढतात. कामगारांत आयुष्य घालविलेल्या आम्हांला एवढेच म्हणावयाचे आहे: कामाची माहिती पाठविण्याची सोय जितक्या तत्परतेने होते, तितक्याच तत्परतेने घरच्या खुशालीची व्हावी. ती मेहरबानी नव्हे. मजुरीइतकाच तो हक्क आहे. बर्फातल्या माणसाचा, तसाच उसाच्या फडातल्या माणसाचाही.