खडूच्या रेषांवर लढलेले युद्ध : लिव्हरपूलची एक खोली आणि अटलांटिकचा महासागर

१/२०
जानेवारी १९४२. इंग्लंडमधील लिव्हरपूल बंदर. डर्बी हाउस या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एका मोठ्या खोलीची जमीन रिकामी करण्यात आली आणि तिच्यावर चौकटी आखण्यात आल्या. दहा इंच म्हणजे एक सागरी मैल, असे प्रमाण ठरले. लाकडाची चिमुकली जहाजे मांडली गेली. पुढची साडेतीन वर्षे या जमिनीवर अटलांटिकचे युद्ध पुनःपुन्हा खेळले गेले. हा थ्रेड त्या खेळाविषयी.

२/२०
युद्धखेळ, मिनिएचर्स आणि लष्करी इतिहास यांना वाहिलेली पॉडकास्ट आज तरुण मंडळी आवडीने ऐकतात. फासे, नकाशे, रंगवलेले सैनिक आणि नियमांवर रंगणारे वाद हे सारे वरकरणी निव्वळ छंदासारखे वाटते. परंतु या छंदाचे मूळ सैन्याच्या छावणीत आहे, आणि त्याच्या इतिहासात असे काही क्षण येऊन गेले की खेळातल्या निष्कर्षावर हजारोंचे प्राण अवलंबून होते.

३/२०
सुरुवात प्रशियात झाली. बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर युद्ध मांडण्याचे प्रयत्न अठराव्या शतकातच झाले होते. १८१२ मध्ये राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने बदलता येईल असा भूप्रदेशाचा पट तयार करून राजा तिसरा फ्रेडरिक विल्यम याच्यापुढे ठेवला. त्याच्या मुलाने, जो तोफखान्यात लेफ्टनंट होता, या खेळाला शिस्त लावली आणि १८२४ मध्ये नियम छापले. खेळाचे नाव क्रीग्सश्पील, म्हणजेच युद्धखेळ.

४/२०
धाकट्या राइसविट्झने तीन गोष्टी पक्क्या केल्या. चौकटींच्या पटाऐवजी खरा नकाशा घेतला. एक फेरी म्हणजे प्रत्यक्षातील दोन मिनिटे, असे ठरवले. आणि दोन्ही पक्षांच्या मध्ये एक पंच बसवला. शत्रू कोठे आहे हे पंचाला ठाऊक असे. खेळणाऱ्याला मात्र त्याच्या सैन्याला जेवढे दिसू शकेल तेवढेच सांगितले जाई. प्रशियाच्या सेनामुख्यालयाने हा खेळ पलटणींपर्यंत पोहोचवला.

५/२०
बुद्धिबळात दोन्ही राजांना सारा पट दिसतो. युद्धात तसे कधीच घडत नाही. अपुऱ्या माहितीवर, वेळ निघून जाण्याआधी निर्णय घेणे हेच सेनापतीचे खरे काम, आणि राइसविट्झच्या खेळाने नेमके तेच पटावर आणले. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स या लेखकाने ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून शिशाच्या सैनिकांची लढाई घराघरांत नेली. मिनिएचर युद्धखेळाच्या छंदाची परंपरा बहुधा त्याच पुस्तकापासून मोजली जाते.

६/२०
दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडण्याची रीत महाराष्ट्रातील मुलांना नवी नाही. बुरूज कोठे, दरवाजा कोठे, चढाई कोठून होईल, हे तेथे हाताने उमगते. परंतु मांडलेले मावळे आपल्या जागी स्थिर राहतात. नियमाने त्यांची हालचाल ठरू लागली आणि समोर विरुद्ध बुद्धीचा माणूस बसला, की मांडणीचा खेळ होतो. लिव्हरपूलच्या जमिनीवर हेच घडले.

७/२०
१९४२ च्या आरंभी ब्रिटन संकटात होता. अन्नाचा मोठा हिस्सा आणि जवळजवळ सगळे खनिज तेल समुद्रमार्गे येई. जर्मन पाणबुड्या, म्हणजेच यू-बोटी, ही व्यापारी जहाजे बुडवत होत्या. जहाजे काफिल्याने निघत आणि त्यांच्याभोवती लढाऊ नौकांचे कडे असे. तरीही रात्रीच्या अंधारात अचानक एखादे जहाज पेट घेई. पाणतीर कोठून आला, हे अनेकदा कोणालाच सांगता येत नसे.

८/२०
या जहाजांवर कोण होते? ब्रिटिश व्यापारी ताफ्यात हजारो हिंदी खलाशी काम करीत. त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी खलाशी होते, गोव्याचे आचारी आणि खानसामे होते. त्यांच्या टोळ्यांवर सारंग आणि तांडेल हुकूम चालवीत. बॉयलरच्या उष्णतेत, जहाजाच्या तळाशी काम करणाऱ्यांना पाणतीर लागल्यावर वर येण्याची संधी सर्वांत कमी. या महायुद्धात सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशी मृत्युमुखी पडले.

९/२०
सप्टेंबर १९४० मध्ये ‘सिटी ऑफ बनारस’ हे जहाज बुडाले. बॉम्बवर्षावापासून दूर, कॅनडात सुरक्षित ठेवण्यासाठी ९० ब्रिटिश मुले त्यावरून पाठवली होती. त्यांतील ७७ दगावली. जहाजावरील हिंदी खलाशीही मोठ्या संख्येने गेले. अटलांटिकमधील प्रत्येक बुडीत जहाजाच्या आकड्यामागे अशी माणसे होती.

१०/२०
या पार्श्वभूमीवर कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांना बोलावणे आले. क्षयरोगामुळे १९३८ मध्ये त्यांना नौदलातून निवृत्त व्हावे लागले होते. त्याआधी पोर्ट्समथच्या डावपेच विद्यालयात त्यांनी युद्धखेळांवर काम केले होते. यू-बोटी नेमक्या कशा हल्ला करतात हे शोधून काढावे आणि त्यावर उपाय द्यावा, असे काम त्यांच्यावर सोपवण्यात आले. त्यांच्या विभागाचे नाव वेस्टर्न अ‍ॅप्रोचेस टॅक्टिकल युनिट.

११/२०
रॉबर्ट्स यांच्या हाताखाली आल्या त्या प्रामुख्याने तरुण मुली. महिलांच्या नौदल सेवेतील या मुलींना ‘रेन’ म्हणत. जीन लेडलॉ आकडेमोडीत तरबेज, जॅनेट ओकेल डावात तल्लख. दोघीही विशीच्या आसपास. त्या काळी ब्रिटिश नौदलात स्त्रियांना युद्धनौकेवर नेमले जात नसे. जो समुद्र प्रत्यक्ष लढण्यासाठी त्यांना बंद होता, त्याचे गणित सोडवण्याचे काम मात्र त्यांच्याकडे आले.

१२/२०
खेळ असा चाले. खोलीच्या कडेला पडदे लावलेले असत. काफिल्याचे रक्षण करणारे अधिकारी त्यांच्यामागे बसत आणि लहानशा फटीतून जमिनीकडे पाहत. खऱ्या समुद्रावर त्या क्षणी जेवढे दिसले असते, तेवढेच फटीतून दिसे. ते आपला हुकूम कागदावर लिहून देत. रेन मुली जहाजे सरकवत आणि मार्ग खडूने आखत. ब्रिटिश नौकांची रेषा पांढरी, यू-बोटीची हिरवी. जमिनीवरची हिरवी रेषा पडद्यामागून जवळजवळ दिसत नसे.

१३/२०
पहिले काम होते जुन्या लढाया पुन्हा मांडण्याचे. डिसेंबर १९४१ मधील एचजी ७६ या काफिल्याच्या लढतीत कॅप्टन वॉकर यांनी एक डाव वापरला होता. जहाजावर पाणतीर लागताच संरक्षक नौकांनी काफिल्यापासून बाहेरच्या दिशेला धावायचे आणि शत्रूला हुडकायचे. या डावामागे एक गृहीतक होते : यू-बोट काफिल्याच्या बाहेर राहून मारा करते.

१४/२०
जमिनीवर मांडणी केल्यावर हे गृहीतक टिकेना. पाणतीराचा पल्ला, बुडालेल्या जहाजांची जागा आणि वेळ यांचा मेळ एकाच शक्यतेशी बसत होता. यू-बोट काफिल्याच्या रांगांच्या आत शिरलेली असली पाहिजे! ती मागच्या बाजूने, रात्री, पाण्याच्या पृष्ठभागावरून येत असावी. कारण पाठीमागे पहारा सर्वांत विरळ. काम झाले की ती बुडी मारणार, काफिला डोक्यावरून पुढे जाऊ देणार आणि मागच्या मागे निसटणार.

१५/२०
निदान झाल्यावर उपाय सुचला. पाणतीर लागताच बाहेर धावण्याऐवजी संरक्षक नौकांनी ठरलेल्या मार्गांनी काफिल्याच्या मागे यावे आणि अ‍ॅस्डिक या ध्वनियंत्राने तो पट्टा पिंजून काढावा, म्हणजे खाली दडलेली यू-बोट जाळ्यात येईल. लेडलॉ यांनी या डावाला ‘रास्पबेरी’ हे नाव दिले. इंग्रजीत तो शब्द तोंडाने आवाज काढून एखाद्याला वेडावण्यासाठीही वापरतात; हे वेडावणे हिटलरसाठी होते. पुढच्या डावांनाही अननस, स्ट्रॉबेरी अशी फळांची नावे मिळाली.

१६/२०
लिव्हरपूलचे सरसेनापती अ‍ॅडमिरल पर्सी नोबल आरंभी या खेळाविषयी साशंक होते. प्रात्यक्षिक पाहून त्यांचे मत पालटले आणि डाव ताफ्याकडे रवाना झाला. फेब्रुवारी १९४२ पासून अधिकाऱ्यांचे आठवडाभराचे वर्ग सुरू झाले. युद्ध संपेपर्यंत सुमारे ५,००० अधिकारी या खोलीत शिकले. नोबल यांच्या जागी आलेले अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन हे मुरलेले पाणबुडीवाले. त्यांनी स्वतः यू-बोटीची बाजू घेतली, आणि ओकेल यांच्या हातून त्यांची यू-बोट पुनःपुन्हा बुडाली असे सांगतात.

१७/२०
याच वर्षी जगाच्या दुसऱ्या टोकाला आणखी एक युद्धखेळ झाला. मिडवे बेटावरील मोहिमेपूर्वी जपानी नौदलाने ‘यामातो’ या युद्धनौकेवर ती पटावर खेळून पाहिली. फुचिदा आणि ओकुमिया या जपानी अधिकाऱ्यांनी युद्धानंतर लिहिलेल्या वृत्तान्तानुसार, खेळात आपल्या विमानवाहू नौकांवर नऊ बॉम्ब पडल्याचा निर्णय पंचाने दिला. सरदर्जाच्या अधिकाऱ्याने ते तीनवर आणले आणि बुडालेली नौका पुढे पुन्हा खेळात घेतली. जून १९४२ मध्ये मिडवेजवळ जपानच्या चार विमानवाहू नौका खरोखर बुडाल्या.

१८/२०
दोन्ही खेळांत पट होता, फासे वा नियम होते, पंचही होते. फरक पडला तो अप्रिय निकाल ऐकून घेण्याच्या तयारीत. लिव्हरपूलमध्ये विशीतली मुलगी अनुभवी अ‍ॅडमिरलची चाल चुकीची ठरवू शकत होती आणि त्या निकालावर धोरण बदलत होते. ‘यामातो’वर पंचाचा निकाल वरिष्ठाच्या इच्छेपुढे वाकला. ज्या खेळात हरण्याची मुभा नसते, त्यातून ठरलेल्या मोहिमेला केवळ मान डोलावणारा एक साक्षीदार मिळतो.

१९/२०
मार्च १९४३ मध्ये एससी १२२ आणि एचएक्स २२९ या दोन काफिल्यांनी २२ जहाजे गमावली. मे महिन्यात पारडे फिरले. ओएनएस ५ काफिल्याच्या लढाईत १३ व्यापारी जहाजे गेली, पण सहा यू-बोटीही बुडाल्या. त्या महिन्यात जर्मनीने ४० हून अधिक यू-बोटी गमावल्या. एकीवर जर्मन नौदलप्रमुख ड्योनिट्झ यांचा मुलगा होता. २४ मे रोजी ड्योनिट्झ यांनी उत्तर अटलांटिकमधून माघारीचा आदेश दिला. याचे श्रेय एकट्या खेळाला देता येणार नाही. नवे रडार, लांब पल्ल्याची विमाने, संकेतभेद आणि अमेरिकेच्या गोद्या या सर्वांचा त्यात वाटा होता. परंतु ही साधने हातात आली तेव्हा अंधारात, दोन मिनिटांच्या अवधीत, कोणी कोठे वळायचे हे अधिकाऱ्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

२०/२०
हिरव्या रेषेच्या टोकालाही माणसे होती. यू-बोटींवर गेलेल्या जर्मन खलाशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश परतले नाहीत. पांढऱ्या रेषांनी ज्यांचे रक्षण केले, त्यांतील अनेकांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आलीच नाहीत. मुंबईत मशीद बंदर भागातील इंडियन सेलर्स होममध्ये समुद्रावर गेलेल्या हिंदी खलाशांची स्मृती जपलेली आहे. युद्धखेळाच्या पॉडकास्टमध्ये फाशांची आणि नियमांची चर्चा रंगते, ती ऐकावी, खेळही खेळावा. पटावरून उचलून बाजूला ठेवलेले प्रत्येक लाकडी जहाज कोणाच्या तरी गावी आलेली तार होते, एवढे मात्र खेळणाऱ्याने विसरू नये.