एकवीस अक्षरांची कुपी आणि तीन याद्या

२००८ या एकाच वर्षात तीन नामवंत संशोधक गटांनी एकाच प्रश्नाची तीन उत्तरे प्रसिद्ध केली. प्रश्न असा होता की, एचआयव्ही विषाणूला माणसाच्या पेशीत वाढण्यासाठी त्या पेशीची कोणकोणती जनुके लागतात? तिन्ही गटांनी जवळजवळ प्रत्येक मानवी जनुक एकेक करून एसआयआरएनएने शांत करून पाहिले आणि प्रत्येकाच्या हाती दोनशे ते तीनशे जनुकांची यादी आली. या याद्या शेजारी ठेवल्या, तेव्हा तिन्हींत सामाईक जनुके निघाली जेमतेम तीन.

पेशींचा वाण, मोजणीची वेळ, निवडीचे निकष हे तिन्हीकडे निराळे होते, हे खरे. परंतु तफावतीचा एक वाटा खुद्द कुपीत दडलेला होता.

या कथेचा आरंभ फुलांपासून होतो. १९९० साली अमेरिकेत रिचर्ड जॉर्गेन्सन व सहकाऱ्यांनी पेटुनियाचा जांभळा रंग गडद व्हावा म्हणून रंगद्रव्याच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली. काही फुले उलट पांढरीशुभ्र उमलली. या कोड्याचे उत्तर १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना एका मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत सापडले. जनुकाला गप्प करतो तो दुपदरी आरएनए. २००६ चे नोबेल त्यांना याच शोधासाठी मिळाले.

मानवी पेशीत मात्र ही युक्ती चालेना. तीसहून अधिक अक्षरांचा दुपदरी आरएनए दिसला की पेशी त्यास विषाणूचा हल्ला समजते आणि सरसकट साऱ्याच प्रथिनांची निर्मिती थोपवते. जर्मनीतील गॉटिंगेनच्या मॅक्स प्लांक संस्थेत सायदा एल्बाशिर, थॉमस टुश्ल आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये केवळ एकवीस अक्षरांचे तुकडे वापरले आणि ते पेशीच्या पहाऱ्यातून निसटले. तुकड्याचा एक पदर आर्गोनॉट नावाच्या प्रथिनात बसतो, आपल्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए शोधतो आणि तो कापला जातो. शोध इतका सुटसुटीत होता की, काही वर्षांतच कोणत्याही मानवी जनुकाविरुद्धची तयार कुपी सूचिपत्रातून मागवता येऊ लागली. पूर्वी ज्या कामाला वर्ष लागे, ते स्निग्ध वाहकात मिसळून तीन दिवसांत होऊ लागले.

एकवीस अक्षरांचा नेमकेपणा ऐकून भौतिकशास्त्रज्ञाचे मन निश्चिंत होते. चाराचा एकविसावा घात म्हणजे चार लाख कोटींहून अधिक. इतक्या शक्यतांतून चुकीचे जनुक कसे सापडेल? येथेच मेख आहे. २००३ मध्ये सिअ‍ॅटलच्या एमी जॅक्सन व सहकाऱ्यांनी एकाच जनुकाविरुद्ध निरनिराळे तुकडे वापरून पेशीतील हजारो जनुकांची पातळी मोजली. प्रत्येक तुकड्याचा ठसा वेगळाच होता. बदल लक्ष्यापेक्षा तुकड्याच्या अक्षरक्रमाशी बांधलेले होते. पुढे उमगले की, दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे जुळली, तरी परक्या जनुकावर सौम्य दाब येऊ शकतो.

आता हिशेब पुन्हा मांडू. चाराचा सातवा घात १६,३८४. वीस हजार जनुके, प्रत्येकाच्या संदेशाच्या शेपटीत सरासरी हजार अक्षरे धरली, तर दोन कोटी अक्षरांत ती सात अक्षरे निव्वळ योगायोगाने बाराशेच्या आसपास ठिकाणी सापडावीत. सर्वच ठिकाणी परिणाम होत नाही, पण थोड्या ठिकाणी झाला तरी प्रयोग फसतो.

हा धोका कागदापुरता नव्हता. मेल्क नावाच्या प्रथिनाविना कर्करोगाच्या पेशी जगत नाहीत, असा निष्कर्ष आरएनएच्या याच तंत्राने निघाला होता आणि त्याविरुद्धचे औषध रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. २०१७ मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील गटाने क्रिस्परने ते जनुकच निकामी केले. पेशी निवांत वाढत राहिल्या.

माझे शिक्षण भौतिकशास्त्रातले. पेशींचा ताठपणा मोजता मोजता मी या वाटेला लागलो. पेशीच्या सांगाड्यातील एक प्रथिन शांत केले आणि पेशी मऊ पडल्या. आलेख देखणा होता. एव्हाना शोधनिबंधाचे शीर्षकही सुचले होते. आपल्याकडे या कुप्या बहुधा परदेशातून येतात, आठवडे मोजावे लागतात आणि अनुदानाचा मोठा घास घेतात. म्हणून त्याच जनुकाविरुद्धची दुसरी कुपी मागणीपत्रातून मीच खोडली होती. ती आठ महिन्यांनी आणली. प्रथिन तितकेच नाहीसे झाले; ताठपणा तसूभरही ढळला नाही.

खरे तर उपाय २००३ सालापासून छापील होता. नेचर सेल बायॉलॉजीच्या संपादकांनी तेव्हाच सांगितले होते की, तुकड्याला न जुमानणारी त्याच जनुकाची प्रत पेशीत परत घालावी आणि मूळ स्थिती परतते का ते पाहावे. २०१२ मध्ये आणखी स्वस्त युक्ती निघाली. तुकड्यातील नववे, दहावे आणि अकरावे अक्षर बदलायचे; मूळ लक्ष्यावरची पकड सुटते, पण ती सात अक्षरे शाबूत राहतात. तरीही परिणाम दिसलाच, तर तो लक्ष्याचा नव्हे.

आपल्या देशातील वनस्पती-संशोधकांनी याच यंत्रणेचा उपयोग निराळ्या रीतीने केला. दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुक संशोधन संस्थेत आशिष दत्ता यांच्या गटाने २०१० मध्ये टोमॅटोतील दोन विकरे शांत केली आणि फळ सुमारे तीस दिवस अधिक टिकले. त्यांनी विकतचा तुकडा पेशीत सोडला नव्हता; दुपदरी आरएनए घडवण्याची सूचना झाडाच्या जनुकसंचातच घातली होती.

तीन अक्षरे बदललेली कुपी मी अखेर मागवली. तिनेही पेशी तितक्याच मऊ पडल्या. तो निबंध लिहिला गेला नाही; आलेख मात्र मी जपून ठेवला आहे आणि नव्या विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी दाखवतो.