लष्करी मेसमधील पेल्याची शिस्त
दारूगोळ्याच्या डेपोभोवती वाढलेले देहूरोड ज्या मुंबई राज्यात होते, तेथे १९४९च्या कायद्याने दारूबंदी आली. मात्र लष्करी मेसना, म्हणजे अधिकाऱ्यांच्या सामाईक भोजनगृहांना, दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये बलसारा खटल्यात वैध ठरवली. संत तुकोबांच्या देहूशेजारी हा अपवाद गमतीचाच. मेसच्या औपचारिक मेजवानीचा विधी ब्रिटिश वारशाचा असून, त्याचे नियम एखाद्या खेळासारखे काटेकोर असतात: पोर्ट या गोड वाइनची सुरई डावीकडेच सरकते, सर्वांचे पेले भरेपर्यंत कोणी ओठाला लावत नाही, आणि अध्यक्षाने पुकारताच टेबलाच्या दुसऱ्या टोकाचा ‘मिस्टर व्हाइस’, बहुधा कनिष्ठ अधिकारी, राष्ट्रपतींच्या नावे पेला उंचावण्यास सांगतो; न पिणाऱ्याच्या पेल्यात पाणी चालते.