‘निसर्ग’ चक्रीवादळानंतर सुपारीच्या वाड्या : पंचनामे, मदत आणि पुन्हा लागवड

३ जून २०२० रोजी दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्याला धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर, मध्येच १२० पर्यंत जात होता. काही तासांत वारा पुढे निघून गेला. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड आणि रत्नागिरीतल्या मंडणगड, दापोली तालुक्यांत त्याचा हिशेब मात्र वर्षानुवर्षं चालू राहिला.

पहिले पंधरा दिवस गेले डोक्यावर छप्पर घालण्यात. पाऊस तोंडावर, कौलं फुटलेली, पत्रे उडालेले. त्यात कोरोनाचा लॉकडाऊन, त्यामुळे पत्रे आणि ताडपत्री मिळेनात. विजेचे खांब आडवे झाले होते. लाईट नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून पाणी नाही. ज्याच्याकडे जनरेटर त्याच्या दारात मोबाईल चार्ज करायला रांग, अशी तऱ्हा होती.

खरा घोळ पुढे पंचनाम्यात झाला. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहाय्यक मिळून पंचनामा करतात. शेती-बागायतीला मदत मिळायची तर नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. सातबारा, आठ-अ, आधार आणि बँकेचं पासबुक लागतं. आता कोकणातला सातबारा म्हणजे एका वाडीवर दहा-बारा नावं. आजोबांचं नाव अजून तसंच, निम्मे वारसदार मुंबईत. पैसे एकाच्या खात्यात जमा करायचे तर बाकीच्यांचं संमतीपत्र हवं. गाड्या बंद असताना ते आणायचं कुठून?

दुसरी अडचण मापाची. फळबागांसाठी शासनाने मदत वाढवून हेक्टरी ५० हजार रुपये केली, दोन हेक्टरच्या मर्यादेत. ऐकायला आकडा मोठा वाटतो. पण श्रीवर्धन-दिवेआगरची वाडी हेक्टरात नसते, गुंठ्यात असते. हेक्टरी ५० हजार म्हणजे गुंठ्याला साधारण ५०० रुपये. दहा गुंठ्यांच्या वाडीवाल्याच्या हातात पाच हजार. पडलेली झाडं कापून बाहेर काढायची मजुरीसुद्धा त्यात भागत नाही.

शिवाय वाडी म्हणजे एकच पीक नव्हे. वर नारळ, मध्ये सुपारी, खाली जायफळ आणि केळी, सुपारीवर चढवलेली मिरी. बागायतदारांनी ओरड केल्यावर झाडामागे मदत ठरली : सुपारीला ५० रुपये, नारळाला २५०. दहा गुंठ्यांत २०० सुपाऱ्या आणि १० नारळ पडले असं धरलं तर साडेबारा हजार होतात. आधीपेक्षा बरं, एवढंच म्हणता येईल. चांगली सुपारी एका-दोन हंगामांतच ५० रुपयांहून जास्त देऊन जाते.

झाडं पडली तेवढ्यावर नुकसान थांबत नाही, हे बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही. सुपारीला कडक ऊन सोसत नाही. वरचे नारळ गेले की उरलेल्या सुपारीचं खोड पश्चिमेच्या उन्हाने भाजतं, त्याला चिरा जातात आणि उभं झाड दोन-तीन वर्षांनी मोडतं. ते कुठल्याच पंचनाम्यात येत नाही. अशा खोडांना चुना लावणं किंवा सुपारीच्या झावळ्या गुंडाळणं हा जुना उपाय आहे, आणि तो चालतो.

नारळाचे ओंडके कुजत ठेवणं हीसुद्धा महागात पडणारी चूक. कुजक्या खोडात आणि शेणखताच्या ढिगात गेंड्या भुंगा अंडी घालतो, आणि मग तोच उरलेल्या नारळांचे कोंब पोखरतो. त्याने केलेल्या जखमेतून सोंड्या भुंगा आत शिरतो आणि झाड जातंच. म्हणून ओंडके लवकर फोडून जळणाला काढावेत किंवा वाडीबाहेर न्यावेत.

नवी लागवड करताना थेट सुपारी लावून उपयोग नाही, रोप उन्हात करपतं. आधी केळी लावायची, सावली धरली की मग तिच्या आडोशाला सुपारी. रोपं ‘श्रीवर्धन रोठा’ या जातीची घ्यावीत. श्रीवर्धनला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं सुपारी संशोधन केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करावी. सुपारी धरायला पाच ते सात वर्षं लागतात, बाणवली नारळालाही तेवढीच. म्हणजे २०२१ च्या पावसाळ्यात लावलेलं रोप २०२६ ते २०२८ च्या दरम्यान उत्पन्नाला येणार. मधल्या काळात केळी आणि कोणाकडे पर्यटकांच्या खोल्या असतील तर त्या, यावरच घर चालतं.

‘निसर्ग’ला वर्ष होण्याआधीच, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ वादळ किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. त्यानंतर १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. वाडीतली सुपारी, नारळ, जायफळ सातबाऱ्यावर नीट लागलंय का, हे तलाठ्याकडे मे महिन्याच्या आत बघून घ्यावं. वारसनोंद राहिली असेल तर तीही. पंचनाम्याला आलेला माणूस आधी तोच कागद मागतो.